फुकट सहलीचे आमिष

कोणी मागितलेली नसताना फुकट किंवा नाममात्र दरात सहल देऊ करायची आणि त्या बदल्यात पैसे अथवा खाजगी माहिती काढून घ्यायची, हा प्रवास-फसवणुकीचा एक रूढ प्रकार. आमिष फोन, पत्र, ईमेल किंवा मोबाइलवरील संदेशातून येते. यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक निव्वळ लबाडी. तिथे सहल नसतेच. दुसरी कायद्याच्या चौकटीत बसवलेली विक्री. तिथे सहल असते, पण ती पदरात पडू नये अशी व्यवस्था अटींमध्ये आधीच करून ठेवलेली असते. ओळखायला दुसरी जास्त अवघड, कारण तिच्या कागदपत्रांत सरळ खोटे असे एकही वाक्य सापडत नाही.

‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे’ या वाक्याने सुरुवात होते. ज्या सोडतीत भागच घेतला नाही तिचे बक्षीस कसे लागेल, हा प्रश्न इथेच पडायला हवा. मात्र प्रदर्शनात किंवा दुकानाबाहेरच्या पेटीत कधीकाळी टाकलेल्या चिठ्ठीवरूनही असे फोन येतात. त्यामुळे ‘फॉर्म तुम्हीच भरला होता’ हे उत्तर पुष्कळदा खरे असते, आणि तेवढ्या एका खऱ्यावर पुढचे सगळे खपते. मग कर, बंदर-शुल्क, प्रोसेसिंग फी अशा नावाखाली रक्कम मागितली जाते. सहलीच्या सांगितलेल्या किमतीपुढे ती क्षुल्लक वाटते, आणि बुडाली तरी तेवढ्यासाठी पोलिसांत कोण जाणार, असा हिशेब त्यामागे असतो. काही वेळा फी हे केवळ निमित्त. खरा डोळा कार्डाच्या तपशिलावर किंवा ओटीपीवर असतो.

व्हाउचरचा धंदा समजून घेण्याजोगा आहे. व्हाउचर हातात पडते, पण अनामत रक्कम मुदतीत भरा, प्रवासाच्या तारखांचे अनेक पर्याय कित्येक आठवडे आधी कळवा, गर्दीचा हंगाम वगळा, अशा अटींची रांग लागते. ‘उपलब्धतेनुसार’ हा एकच शब्द बाकीची कामगिरी करतो. बहुतेक लोक कंटाळून नाद सोडतात, आणि न वटलेली व्हाउचरे हाच विक्रेत्याचा नफा ठरतो. हा अंदाज चुकला तर काय होते, ते १९९२ साली ब्रिटनमध्ये दिसले. हूवर या कंपनीने किमान १०० पौंडांच्या खरेदीवर दोन विमान-तिकिटे फुकट देऊ केली, पुढे त्यात अमेरिकेचा प्रवासही घातला. लोक कंटाळले नाहीत. कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका बसला आणि कोर्टकचेऱ्या कित्येक वर्षे चालल्या. ही फसवणूक म्हणून आखलेली योजना नव्हती, पण ‘फुकट’ या शब्दामागचे गणित तिने उघडे पाडले.

फुकट मुक्कामाचे निमंत्रण अनेकदा टाइमशेअरच्या सभेकडे नेते. एकाच निवासाचे आठवडे वाटून विकण्याची ही पद्धत १९६० च्या दशकात आल्प्समधील पर्यटनस्थळी सुरू झाली. पद्धत मुळात बेकायदा नाही. त्रास होतो तो तासन्‌तास चालणाऱ्या सभेचा, ‘ही किंमत फक्त आजच’ या दडपणाचा आणि वर्षानुवर्षे भराव्या लागणाऱ्या देखभाल-खर्चाचा. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने अशा निमंत्रणात विक्रीचा हेतू स्पष्ट लिहिणे बंधनकारक केले, करारातून माघार घेण्यासाठी १४ दिवस दिले, त्या काळात आगाऊ पैसे घेण्यास मनाई केली आणि टाइमशेअर ‘गुंतवणूक’ म्हणून विकण्यावरही बंदी घातली. एकेक कलम म्हणजे विक्रेत्यांच्या एकेका जुन्या युक्तीची नोंदच आहे.

इंटरनेटमुळे रूपे बदलली. नावात एखादेच अक्षर वेगळे असलेली संकेतस्थळे, दुसऱ्याच्या घराचे फोटो लावून भाड्याने देऊ केलेली, प्रत्यक्षात नसलेली घरे हे प्रकार परिचित आहेत. हॉटेलचे खाते ताब्यात घेऊन खऱ्या आरक्षणाच्या तपशिलासह ‘पैसे पुन्हा भरा’ असा संदेश पाठवणे हा प्रकार अधिक धोक्याचा, कारण त्यात नाव, तारीख, खोली सगळे बरोबर असते.

पडताळणीचा उपाय साधा आहे. समोरच्याने दिलेला क्रमांक किंवा लिंक न वापरता संस्थेचा संपर्क स्वतः शोधायचा, अटी लेखी मागायच्या आणि पैसे कोणत्या मार्गाने मागितले जातात ते पाहायचे. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेता येते; गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा थेट खात्यात पाठवलेले पैसे सहसा परत येत नाहीत. फोनवर दिसणारा क्रमांक हा पुरावा नव्हे; तो बनावट दाखवता येतो.

एकदा फसलेल्यांच्या नावांच्या याद्या पुढे विकल्या जातात. मग ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो’ किंवा ‘तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक आहे’ असे फोन येतात, त्यांनाही आगाऊ फी हवी असते, आणि माणूस आगीतून फुफाट्यात पडतो. मेक्सिकोतील पुएर्तो वायार्ता भागात अशा टाइमशेअर-फसवणुकीमागे हालिस्को येथील अमली पदार्थांची टोळी असल्याचे सांगून अमेरिकेच्या अर्थखात्याने २०२३ मध्ये संबंधित कंपन्यांवर निर्बंध लादले.