हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे

कोल्हापूरच्या गंगावेशीत रात्री म्हशीशेजारी उभं राहून धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला रिचवणारा माणूस शाकाहारी असू शकतो, व्हीगन नाही. दोन्हींतला फरक एवढाच. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. व्हीगन खाण्यात यातलं काहीच चालत नाही, म्हणून त्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) २०२२ च्या नियमांनी वेगळं चिन्ह दिलं.

व्हीगन खाण्याच्या खर्चाबद्दलही असाच घोळ होतो. "व्हीगन म्हणजे पैसेवाल्यांचे लाड," असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बदामाच्या दुधाचा डबा असतो. तो म्हशीच्या दुधाच्या तिप्पट-चौपट महाग, आणि पेलाभर प्यायलं तरी प्रथिनं जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅम. म्हशीच्या दुधाच्या पेल्यात सात-आठ ग्रॅम मिळतात. तो डबा घ्यायलाच कशाला हवा?

आमच्याकडं आई रात्री मटकी भिजत घालते, सकाळी फडक्यात घट्ट बांधून खुंटीला टांगते. दुसऱ्या दिवशी बोटभर मोड. उसळ, ज्वारीची भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी. हे ताट कुणी व्हीगन म्हणून वाढत नाही, पण आहे तेच. दह्याची वाटी बाजूला सारली की मिसळसुद्धा त्यातच. उलट शाकाहारी ताटच महाग पडतं, पनीर आणि साजूक तूप आलं की बघा.

सोयाबीन तर शिरोळ-हातकणंगल्याच्या शिवारात पिकतं. १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि आपण ते तेलाच्या गिरणीला घालतो! कॅल्शियमला नाचणी आहे, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. तेवढ्याच दुधात त्याहून बरंच कमी असतं.

एक गोष्ट मात्र भाकरी-उसळीतून मिळत नाही, बी-१२ जीवनसत्त्व. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच लागते. दुसरं, ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांना दूध विकत घ्यावं लागत नाही. त्यांना "दूध सोडा, पैसे वाचतील" हे सांगून उपयोग नाही. फार तर उरलेलं डेअरीला घालतील नि डेअरीकडून मिळणारं बिल थोडं वाढेल.

राहता राहिला चहा. घरी सोयाचं दूध काढून बघितलं. स्वस्त पडलं, पण वास उग्र, आणि आल्याच्या चहात घातलं तर फाटलं. आता मी कोराच पितो, लिंबू पिळून.