डोंगर तोच, गोष्ट दुसरी

२२ जानेवारी २०२३ ला फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ‘स्प्लॅश माउंटन’ ही डोंगरावरून पाण्यात घसरणाऱ्या होड्यांची राईड शेवटची चालली; वंशवादाच्या तक्रारींमुळे डिस्ने तिची गोष्ट बदलणार होतं. लगेच ईबेवर बरण्या-बाटल्या विकायला आल्या. आत काय, तर त्या राईडचं पाणी! कुणी निरोप घेताना रडत होतं, तर कुणी म्हणत होतं की हे आधीच व्हायला हवं होतं. थीम पार्कच्या चाहत्यांमधलं हे भांडण समजून घ्यायचं तर मागे १९४६ पर्यंत जावं लागतं.

त्या वर्षी डिस्नेचा ‘साँग ऑफ द साउथ’ आला. अंकल रीमस नावाचा कृष्णवर्णीय म्हातारा एका गोऱ्या मुलाला ब्रेर रॅबिट या चलाख सशाच्या गोष्टी सांगतो. या गोष्टी मुळात गुलामगिरीतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या; जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकात त्या छापल्या. मळ्यावरचं आयुष्य गोडगुलाबी दाखवल्याबद्दल चित्रपटावर तेव्हाच टीका झाली होती. रीमसची भूमिका करणाऱ्या जेम्स बास्केटला पुढे मानद ऑस्कर मिळालं, पण अटलांटातल्या पहिल्या खेळाला तो जाऊ शकला नाही, कारण शहरात वंशभेदाचे कायदे होते. अमेरिकेत या चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट किंवा डीव्हीडी डिस्नेने कधीच काढली नाही.

आणि तरीही १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये याच चित्रपटावर राईड उभी राहिली. कल्पना डिस्नेचे राईड-रचनाकार टोनी बॅक्स्टर यांची. ‘अमेरिका सिंग्ज’ हा जुना कार्यक्रम बंद झाला होता. त्यातले गाणारे यांत्रिक प्राणी इथे कामाला आले. म्हणजे ज्या राईडचं ‘मूळ रूप’ वाचवा म्हणून लोक पुढे हिरीरीने लढले, तिची पात्रंच दुसऱ्या मोडीतली होती. अंकल रीमसला तर बनवणाऱ्यांनीच वगळलं. गोष्टीत सशाला अडकवायला केलेला डांबराचा बाहुला असतो; त्याचं इंग्रजी नाव पुढे कृष्णवर्णीयांसाठी शिवी ठरलं, म्हणून तो काढून तिथे मधाचं पोळं बसवलं. म्हणूनच “आम्हाला यात वंशवाद कधी दिसलाच नाही” असं म्हणणारे चाहते खोटं बोलत नाहीत. तो दिसू नये याची तजवीज १९८९ मध्येच झाली होती. त्यांच्या आठवणीत होता तो फक्त ससा, गाणी आणि शेवटची सुमारे पन्नास फुटांची घसरण.

असे बदल तोवर नवे राहिले नव्हते. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं तेव्हापासूनची ‘जंगल क्रूझ’ आधी गंभीर होती, विनोद नंतर आले. माणसांची मुंडकी विकणारा ‘ट्रेडर सॅम’ २०२१ मध्ये तिथून हटवला गेला. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये चाचे बायकांमागे धावत, १९९७ मध्ये त्या बायकांच्या हातात खाण्याची ताटं आली आणि चाचे हावरट झाले. २०१८ मध्ये बायकांचा लिलावही गेला, आणि लिलावातली लाल केसांची बाई स्वतःच चाचेगिरी करू लागली. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कने ‘मस्ये कॅनिबाल’ (म्हणजे ‘नरभक्षक महाशय’) ही गरगर फिरणाऱ्या हंड्यांची राईड बदलली, ती याच वाटेने.

दुसऱ्या प्रकारची तक्रार मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त वजनदार. एपकॉट या फ्लोरिडातल्याच डिस्ने पार्कमध्ये निरनिराळ्या देशांची दालनं आहेत; त्यातल्या नॉर्वेच्या दालनात १९८८ पासून ‘मेलस्ट्रॉम’ ही होडीची राईड होती. तीन डोक्यांचा ट्रोल तुम्हाला मागे ढकलायचा, होडी उलटी घसरायची आणि मग वादळी समुद्रात तेलविहिरीचा मचाण समोर यायचा. जरा विचित्रच मिसळ, पण नॉर्वेची. २०१४ मध्ये ती बंद झाली आणि २०१६ मध्ये तिथे डिस्नेच्या ‘फ्रोझन’ चित्रपटाची राईड आली. त्यातला अ‍ॅरेंडेल नावाचा देश जगाच्या नकाशावर नाही, असं चाहते म्हणाले ते उगाच नव्हे. इथे कुणाचा अपमान पुसायचा नव्हता. एका देशाच्या जागी खपणारी पात्रं बसवायची होती.

भांडण पेटलं की हे दोन्ही मुद्दे एकाच हंड्यात शिजतात. २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेत वंशवादाविरुद्ध आंदोलनं चालू असताना डिस्नेने स्प्लॅश माउंटनवर न्यू ऑर्लीन्सच्या टियानाची, डिस्नेच्या पहिल्या कृष्णवर्णीय राजकन्येची, गोष्ट बसवण्याचं जाहीर केलं. काहींना ही शरणागती वाटली, काहींना उशिराचा न्याय. एक गोष्ट दोन्हीकडून निसटली: डांबराच्या बाहुल्यासकट त्या सशाच्या गोष्टी कृष्णवर्णीय लोकांचाच वारसा होता, आणि तोही डोंगराबाहेर गेला.

२०२४ मध्ये दोन्ही अमेरिकी पार्कांत नवी राईड सुरू झाली. घसरणीची वाट तीच. कथेत खलनायकच नाही, मग उतारावर भीती कसली, अशी नवी कुरकुर सुरू झाली. टोकियो डिस्नेलँड मात्र ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीचं. तिथली स्प्लॅश माउंटन १९९२ ची, आणि अमेरिकेतल्या दोन्ही बदलल्या तेव्हाही तिथे तोच ससा गात होता.