न्हाण झालं, सांगायचं मात्र राहूनच गेलं

पहिली पाळी आली म्हणजे मुलगी वयात यायला लागली असं आपण सगळेच धरून चालतो, पण शरीराच्या हिशोबाने ती बऱ्यापैकी शेवटाकडची गोष्ट आहे. सुरुवात मेंदूत होते. हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आधी रात्री झोपेत थोडं थोडं हॉर्मोन सोडायला लागतो, त्याने पिट्युटरी ग्रंथी कामाला लागते, ती अंडाशयाला कामाला लावते, इस्ट्रोजेन वाढतं, छाती भरू लागते, मुलगी झपाझप उंच होते आणि हे सगळं सुरू होऊन साधारण दोन-अडीच वर्षं झाली की मग पाळी येते. म्हणजे जिला तेराव्या वर्षी पाळी आली तिचं अंग दहा-साडेदहापासूनच बदलून राहिलं होतं, आणि तेवढ्या काळात घरात कोणी तिच्याशी त्यावर एक शब्द बोललेलं नसतं.

मेंदू हे कधी सुरू करतो याचा खाण्यापिण्याशी जवळचा संबंध आहे. अंगातल्या चरबीतून लेप्टिन नावाचं हॉर्मोन निघतं, १९९४ मध्ये सापडलं ते, आणि शरीरात पुरेसा साठा आहे की नाही हे मेंदूला त्यावरून कळतं. ज्यांच्या शरीरात जन्मापासून लेप्टिन बनतच नाही ती मुलं आपोआप वयात येत नाहीत. युरोपात दीडशे वर्षांपूर्वी पहिली पाळी १६-१७ व्या वर्षी यायची, खाणं सुधारलं, आजार कमी झाले तसं ते वय १३ च्या आसपास आलं, त्यामुळे मुली मोबाईलमुळे लवकर मोठ्या होतात असं जे म्हणतात ते काही खरं नाही, हे मोबाईलच्या कितीतरी आधी सुरू झालंय.

आता न्हाणाकडे, म्हणजे पहिल्या पाळीच्या सोहळ्याकडे बघू. जुन्या मराठी घरांत मुलीला तीन दिवस बाजूला बसवायचे, चौथ्या दिवशी तेल-हळद लावून न्हाऊ घालायचे, मग हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, मखरात बसवून ओटी, बायकांची गाणी, साखर वाटणं. मराठी घरांतून हे जवळजवळ गेलंच, पण नागपुरात तेलुगू-तमिळ कुटुंबं बरीच आहेत आणि त्यांच्याकडे अजून हॉल बुक करून हाफ साडीचं फंक्शन होतं, साडी मामाकडून येते. अशाच एका फंक्शनला मी गेले होते, मुलगी सातवीतली, वेणीभर फुलं, स्टेजवर बसलेली, आणि ती हळूच आईला विचारत होती की बाबांच्या ऑफिसच्या लोकांनाही कशासाठी बोलावलंय ते माहीत आहे का गं. आई म्हणाली, गप बस, फोटो काढून राहिले ना.

आर्नोल्ड व्हान जेनेप नावाच्या अभ्यासकाने १९०९ मध्ये मांडलं होतं की जगभरच्या अशा विधींत तीन टप्पे दिसतात, आधी माणसाला वेगळं काढतात, मग काही दिवस ना इकडची ना तिकडची अशी अवस्था आणि मग नव्या नात्याने परत आत घेतात. आपलं न्हाण यात तंतोतंत बसतं. अडचण त्या नव्या नात्याची आहे, कारण ते नातं बायकोचं होतं. मुलीचं लग्न आधीच झालेलं असायचं आणि न्हाण आलं की गर्भाधानाचा मुहूर्त काढायचे. १८९१ च्या कायद्याने मुलीचं शरीरसंबंधासाठी संमतीचं वय १० वरून १२ केलं तर त्यालाही केवढा विरोध झाला, टिळकसुद्धा विरोधात होते. आणि शरीर काय सांगतं? पाळी आल्यावरही कमरेची हाडं पुढे काही वर्षं रुंदावत असतात, पहिली एक-दोन वर्षं तर कितीतरी महिने अंडं सुटतच नाही. ज्या खुणेला सगळे तयारी म्हणत होते तिथे तयारी नव्हतीच, आणि याची किंमत पोरींनी बाळंतपणात जीव देऊन मोजली.

बाजूला बसवणं तर आपल्याच विदर्भात अजून आहे. गडचिरोलीतल्या माडिया आदिवासींच्या गावांत पाळीच्या दिवसांत बायका कुर्माघरात राहतात, कित्येक ठिकाणी ती नुसती झोपडी असते, पावसाळ्यात सापाविंचवाची भीती. आता काही गावांत पक्की, दिवे असलेली कुर्माघरं झालीत. विटाळाच्या कल्पनेला विज्ञानही एकदा भुललं होतं, १९२० मध्ये व्हिएन्नात बेला शिक या डॉक्टरने पाळीतल्या बाईच्या हातात फुलं कोमेजतात म्हणून तिच्या अंगात विष असतं असं मांडलं, पण ते काही टिकलं नाही.

मला मात्र न्हाणातली एक गोष्ट मनापासून आवडते, ती म्हणजे खाऊ घालणं. तीळ, गूळ, खोबरं, अळिवाचे लाडू. एका पाळीत रक्त जातं ३० ते ४० मिली, दोन-अडीच मोठे चमचे, पण महिन्याच्या महिन्याला जातं आणि पोरगी त्याच वेळी वाढतही असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, निघाला. तीळ-अळिवातलं लोह अंगी लागायला सोबत आंबट काहीतरी हवं, आणि संत्र्याच्या गावात ते सांगायला लागू नये! जेवणावर लगेच चहा घेतला की उलटं होतं, लोह बरंच कमी शोषलं जातं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी याचसाठी आहे, ती पोरी दप्तरातच ठेवून देतात.

न्हाण करायचं तर मुलीला विचारून करा, ती नको म्हणाली तर नाही. पण बोलणं चौथी-पाचवीतच व्हायला हवं, आईने, मावशीने, आत्याने, आणि बाबांनीही, पॅड कसा लावायचा इथपासून. आठच्या आधी छाती वाढायला लागली, तेरापर्यंत काहीच बदल दिसला नाही किंवा पंधरा उलटूनही पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे न्या. सुरुवातीला तारखा मागेपुढे होतात त्याने घाबरू नका, पण तासाला एक पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी दाखवा.