लिंब नीट बसलाय का?

साताऱ्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारचं धनुष्य घेऊन उतरला, ते पिशवीतून तुकड्यांतच बाहेर येतं. मधली मूठ म्हणजे रायझर, आणि वर-खाली दोन लवचीक पाती. तिरंदाज या पात्यांना ‘लिंब’ म्हणतात. (पाडव्याच्या लिंबाशी याचा काही संबंध नाही, पण पहिल्यांदा ऐकताना हसू येतंच.)

धनुष्य दर वेळी जोडायचं, म्हणजे लिंब दर वेळी त्याच जागी बसायला हवेत. लिंबावरची धातूची गुंडी रायझरच्या खोबणीत सरकते, ‘टक्’ होतं, आणि बुडाची खाच रायझरवरच्या बोल्टच्या डोक्याखाली जाते. खाच आणि गुंडी यांत अंतर जेमतेम तीन-चार बोटांचं, तर लिंबाचं टोक तिथून हातभर लांब. बुडाशी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं, की टोकाशी ते तीन-चार मिलिमीटर होतं. ७० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचं असतं. बाणाची दिशा ०.०५ अंशानं चुकली, तरी मधोमध जाणारा बाण त्याच्या कडेला पोचतो.

दोरी चढवण्याआधी टोक धरून लिंब हलवला तर थोडा खडखडतो. नवखे घाबरतात, गॅरेजवाले ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो हाच. पण दोरी चढली की लिंब सी-सॉच्या फळीसारखा वागतो. दोरी टोक तिरंदाजाकडे ओढते, रायझरच्या खोबणीची कड टेकू होते आणि बूड बोल्टच्या डोक्यावर दाबलं जातं. टेकूपासून बोल्ट जवळ आणि टोक लांब, म्हणून बुडाशी ताण कितीतरी पट वाढतो. म्हणूनच खरी तपासणी दोरी चढवल्यावर करायची. तरीही हलत असेल, तर खोबणीत वाळूचा कण किंवा रंगाचा पापुद्रा आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा तेवढंच निघतं.

मग धनुष्य दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवं ठेवायचं, दोरीमागे उभं राहायचं आणि एक डोळा मिटायचा. दोरीनं दोन्ही लिंब बुडापासून टोकापर्यंत मधोमध चिरलेले दिसले पाहिजेत. वरच्या लिंबावर ती डावीकडे सरकलेली दिसली, तर दोष लिंबाचा की रायझरचा?

इथे एक सोपी युक्ती आहे, मला फार आवडते. दोरी उतरवायची आणि लिंबांची अदलाबदल करायची. दोष रायझरचा असेल, तर तो वरच्याच टोकाला, त्याच बाजूला राहतो. लिंबाचा असेल, तर लिंबाबरोबर खाली जातो आणि बाजूही उलटते, कारण वरचा लिंब खाली लावताना तो अर्धा फेरा फिरतो. रायझरचा दोष बहुतेक आधुनिक धनुष्यांत बुडाशी पातळ चकत्या घालून किंवा काढून सुधारतो. पिळलेल्या लिंबाचं मात्र फारसं काही होत नाही.

दोरी कायम जराशी एकाच बाजूला राहिली, तर साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, सरकवून ती चूक बरीचशी सांभाळता येते. दर जोडणीला वेगळी बसणारी फट कशानंच सांभाळता येत नाही. म्हणून एकदा सगळं जुळलं की लिंबांवर पेन्सिलीनं ‘वर’, ‘खाली’ लिहून ठेवायचं, डझनभर बाण सोडायचे आणि पुन्हा त्या दोन खुर्च्यांकडे यायचं.