चौथ्या रेघेवरचा एफ

पियानो शिकू लागलेल्या अनेकांची समजूत असते की, बेस क्लेफ, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनात खालच्या स्वरांसाठी पाच रेघांच्या सुरुवातीला काढतात ते चिन्ह, ही डाव्या हाताची खूण. प्रत्यक्षात डाव्या हाताला वरचे स्वर वाजवायचे असले की त्याच्या ओळीतही ट्रेबल क्लेफ, म्हणजे वरच्या स्वरांसाठीचे तसेच चिन्ह, येतो. बेस क्लेफ सांगतो ते एवढेच की, पाच रेघांपैकी खालून चौथी रेघ एफची, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी चारची, आहे. हे चिन्ह मुळात एफ हे अक्षरच आहे. ते हाताने काढून पाहावे: चौथ्या रेघेवर ठिपका देऊन कमान वर नेऊन खाली वळवायची आणि उजवीकडे त्याच रेघेच्या वर एक, खाली एक असे दोन ठिपके द्यायचे. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो द'अरेत्झो याने एफची रेघ लाल आणि सीची पिवळी काढायला सांगितले, तेही गाणाऱ्याला नेमकी हीच ओळख पटावी म्हणून.

चेलो या मोठ्या, व्हायोलिनसारख्या वाद्याची सर्वांत खर्जाची तार सी या स्वराची, सुमारे 65.4 हर्ट्झची असते. ट्रेबल क्लेफमध्ये हा स्वर लिहायचा तर पाच रेघांच्या खाली आठ जादा रेघा ओढाव्या लागतील. बेस क्लेफमध्ये दोन पुरतात.

खरे सौंदर्य मात्र दोन्ही क्लेफ एकाखाली एक मांडल्यावर दिसते. दोहोंच्या मधोमध, एकाच जादा रेघेवर, मध्य सी, म्हणजे पियानोच्या साधारण मध्यावरचा सी, बसतो. त्याला षड्ज मानले तर बेस क्लेफने दाखवलेली एफची रेघ मंद्र मध्यमाची आणि ट्रेबल क्लेफने दाखवलेली जीची रेघ (खालून दुसरी) मध्य पंचमाची ठरते, म्हणजे खालून वर पाहता दोन्ही अंतरे षड्ज-पंचम भावाची, 2:3 या गुणोत्तराची आहेत. एफ, सी आणि जी यांच्या कंपनसंख्या अनुक्रमे 174.6, 261.6 आणि 392.0 हर्ट्झ. पहिलीची दीडपट 261.9 होते, हा किंचित फरक पडतो, कारण पियानोत सप्तकाचे बारा समान गुणोत्तरांत विभाजन केलेले असते आणि त्यात पंचम शुद्ध पंचमाहून केसभर उतरलेला राहतो.

हे आकडे, मध्य सीच्या वरचा ए हा स्वर बरोबर 440 हर्ट्झ, या संकेतावर उभे आहेत. 432 हर्ट्झ हीच ‘विश्वाची कंपनसंख्या’ आणि तिने रोग बरे होतात, हा प्रचार निराधार आहे, कारण हर्ट्झ ज्या सेकंदावर मोजतात तो सेकंदच माणसाने ठरवलेला आहे. ए 432 वर लावला तर एफ 171.4 वर उतरेल, पण लिहिला जाईल त्याच चौथ्या रेघेवर.