व्हॅनिलाची मरगळ: पाण्याचा ताण की मूळकूज?

नारळ-सुपारीच्या बागेत चढवलेला व्हॅनिलाचा वेल उन्हाळ्याच्या तोंडावर मलूल झाला, पाने लोंबू लागली आणि खोडावर उभ्या सुरकुत्या पडल्या, की बहुतेक बागायतदार आधी पाणी वाढवतात. कारण पाण्याचा ताण असेल तर हे योग्यच आहे. पण कारण मूळकूज असेल, तर त्याच पाण्याने वेल लवकर मरतो. वरून पाहता दोन्ही अवस्था जवळजवळ सारख्याच दिसतात, कारण मूळ कोरडे पडो की कुजो, पानांपर्यंत पाणी पोहोचत नाही.

ताणाचा प्रश्न व्हॅनिलात आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण इथे ताण अनेकदा मुद्दाम दिला जातो. फुले यावीत म्हणून हिवाळ्यात पाणी कमी करतात आणि वेलाचा शेंडा खुडतात, त्यामुळे त्या काळात वेल थोडा सुकलेला दिसणे अपेक्षितच असते. शिवाय व्हॅनिला हे जाड, रसाळ पानांचे ऑर्किड आहे. त्याची पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मुख्यतः रात्री उघडतात आणि खोडापानांत पाण्याचा साठा असतो, म्हणून ताणाची लक्षणे हळूहळू, बागेतल्या बऱ्याच वेलांवर एकाच सुमारास, आणि उघड्यावरच्या किंवा कमी आच्छादनाच्या वेलांवर आधी दिसतात. एखाददुसराच वेल झपाट्याने सुकत असेल आणि शेजारचा टवटवीत असेल, तर मला तरी पहिली शंका मूळकुजीच्या बुरशीची येते.

खात्री मात्र मुळांवरूनच होते. व्हॅनिलाची मुळे फार खोल जात नाहीत, ती पालापाचोळ्याच्या आच्छादनातच पसरतात, त्यामुळे हाताने आच्छादन बाजूला केले तरी पुरते. ताणाखालच्या वेलाची मुळे पांढरट आणि टणक असतात, फक्त भोवतालची माती भुरभुरीत कोरडी असते. कुजीत मुळे तपकिरी पडून मरतात आणि जमिनीत ओल आहे की नाही त्यानुसार ती मऊ लिबलिबीत किंवा वाळलेली दिसतात. भोवती ओल असूनही वेल सुकलेला असणे, हीच मूळकुजीची सर्वांत बोलकी खूण होय.

दुसरी खूण हवाई मुळांची. जमिनीतली मुळे गेली, की वेल वरच्या पेरांतून नवी मुळे खाली सोडू लागतो. त्यांतली बरीचशी मातीला टेकण्याआधी किंवा टेकताच मरतात. ही धडपड बराच काळ चालू शकते, आणि तेवढ्यावरच वेल सावरतो आहे असे वाटून फसगत होते.

मूळकुजीमागे मुख्यतः फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी असते. पाणी साचणारी जमीन, दाट सावली आणि वेलांची गर्दी तिला मानवते. एकाच घोसातली बहुतेक सगळी फुले हाताने परागित करून शेंगांचा भार वाढवला, तरी दमलेला वेल तिला लवकर बळी पडतो. ताण आणि कूज एकमेकांशी जोडलेले आहेत ते असे: ताणाने खंगलेल्या मुळांत बुरशी सहज शिरते, म्हणून आज केवळ तहानलेला असलेला वेल काही आठवड्यांनी खरोखरच कुजलेला निघू शकतो.

ताण असेल तर पाणी थोडे थोडे, वारंवार द्यावे आणि आच्छादन जाड करावे. कूज असेल तर पाणी थांबवावे, निचरा मोकळा करावा आणि वरचा निरोगी भाग वाचवावा, कारण मेलेली मुळे कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. हिरवा, टणक भाग खाली वळवून त्याची दोन-तीन पेरे स्वच्छ कुजखताच्या कुंडीत टेकवावीत आणि मुळे धरल्यावरच तो मूळ वेलापासून तोडावा. थेट छाट (वेलाचा कापलेला तुकडा) लावायची असेल तर ती 60 ते 100 सेंमी लांब घ्यावी, खालच्या तीन-चार पेरांची पाने काढावीत, आठवडाभर सावलीत ठेवावी आणि लावताना कापलेले टोक मातीत न पुरता किंचित वर राखावे, कारण कूज बहुतेकदा तिथूनच सुरू होते. कापण्याचे हत्यार प्रत्येक वेलानंतर निर्जंतुक करावे. विषाणूही त्याच पात्यावरून पसरतात.

लागवड छाटांवरच चालत असल्याने बागेतले वेल बहुधा एकाच वाणाचे जणू जुळे असतात, आणि एकाला लागलेला रोग दुसऱ्याला सहज लागतो. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे आणली तर सुरुवात निरोगी होते, पण ती रोगप्रतिकारक नसतात आणि लांब छाटांपेक्षा उशिरा फुलतात. मेलेल्या वेलाच्या जागी मात्र तीही लावू नयेत, कारण या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे टिकतात. नवा वेल दुसऱ्याच आधाराच्या झाडावर, म्हणजे गिरिपुष्पावर किंवा पांगाऱ्यावर चढवावा.