काशीच्या पायऱ्यांखालचा इतिहास

'काशीस जावे नित्य वदावे' असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. जाणं बहुतेकांच्या नशिबी नसायचं, म्हणून निदान बोलत तरी राहायचं. जे जात ते पायी जात, आणि पोचल्यावरही चालतच राहत. काशीचं दर्शन एका देवळात उरकत नाही. पंचतीर्थी अस्सी संगमावर सुरू होते, दशाश्वमेधावरून थेट वरुणा संगमाजवळच्या आदिकेशवापर्यंत जाते, तिथून मागे फिरून पंचगंगेला आणि शेवटी मणिकर्णिकेला येते. पंचक्रोशीची प्रदक्षिणा तर सुमारे 80 किलोमीटरची. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे मुक्काम करत लोक ती पाच दिवसांत पुरी करतात. आज घाटाघाटाने शहर बघत निघालेला पाहुणाही नकळत याच वाटा तुडवतो.

वाटा जुन्या, पायाखालचा दगड मात्र तेवढा जुना नाही. नदीकाठची ही अखंड दगडी रांग बरीचशी अठराव्या शतकातली, आणि तिच्यात मराठी पैसा फार मोठा आहे.

त्याआधी दोनशे वर्षं मराठी माणसं तिथे पोचली होती, ती विद्येसाठी. सोळाव्या शतकात पैठणचं भट्ट घराणं काशीत स्थायिक झालं. त्यातल्या नारायण भट्टांनी काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांवर 'त्रिस्थलीसेतु' लिहिला. विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं राहिलं त्यातही त्यांचा पुढाकार होता. ते देऊळ 1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडलं गेलं. पाचच वर्षांनी, 1674 मध्ये, त्याच नारायण भट्टांचे पणतू गागाभट्ट रायगडावर शिवरायांच्या राज्याभिषेकाला आले. या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या की अंगावर काटा येतो.

पुढे पेशव्यांच्या मनात काशी-प्रयाग आपल्या ताब्यात असावं ही तळमळ कायम राहिली. ती शेवटपर्यंत पुरी झाली नाही. शहर हाती आलं नाही, पण दगड बसवायला कुणाची आडकाठी नव्हती. दशाश्वमेध घाट नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधला गेला. नागपूरकर भोसल्यांचा घाट आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आणि अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये विश्वनाथाचं आजचं देऊळ उभारलं, जुन्या जागेला अगदी लगटून. देऊळ आकाराने लहान, चहूबाजूंनी घरांनी वेढलेलं. अरुंद गल्लीत वळसे घेत गेलं की कळस एकदम समोर यायचा. 2021 मध्ये विश्वनाथ धाम खुलं झालं, घरं हटली, गंगेवरून सरळ देवळात जाता येऊ लागलं. म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, याचा आनंद आहे. तरी ती गल्ली गेल्याची रुखरुख मला लागून राहते.

मणिकर्णिकेला खेटून शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी 1830 च्या सुमारास तो इतका भरभक्कम बांधवला की गंगेच्या गाळाला त्याचं वजन पेललं नाही आणि घाट खचला. तो पुढे विसाव्या शतकात नव्याने उभारला. पायऱ्यांच्या तळाशी रत्नेश्वराचं कललेलं देऊळ आहे. पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्यात बुडतो. पाणी उतरलं की आत गाळ भरलेला सापडतो, आणि तो उपसल्यावरच पिंड दिसते.

तिथून चालत पंचगंगा जवळच. कार्तिकात तिथे उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्यांतून आकाशदिवे चढवतात. दोरी ओढताना टोपली हलते, पण आतली ज्योत विझत नाही. घाटावर अहिल्याबाईंची दगडी दीपमाळ आहे, ती कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री वरपासून खालपर्यंत उजळते. पैठणच्या नाथांनी याच शहरात 1573 साली आपलं भागवत पुरं केलं, तेही कार्तिकी पौर्णिमेलाच.